मांगराचं वय

आमचं घर १८६५ सालचं, असं मी निदान पंचवीस वर्षं ठासून सांगत आले. पुरावा छपरावरच होता. कौल उतरवून उलटं केलं की पाठीवर इंग्रजी ठसा दिसायचा, 'बासेल मिशन टाइल वर्क्स, मंगलोर', आणि सोबत आकडा १८६५. मुंबईत बँकेत होते तेव्हा गणपतीहून परत गेले की त्याचा फोटो सगळ्यांना दाखवायचे. एकदा मंगळूरकडच्याच एका सहकाऱ्याने तो पाहिला आणि हसून म्हणाला, "मॅडम, हे कारखान्याचं जन्मसाल आहे, कौलाचं नाही." लोणच्याच्या बरणीवर 'स्थापना' छापलेली असते म्हणून आतलं लोणचं काही त्या सालचं नसतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने मंगळूरला जेप्पूत कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि तोच आकडा पुढे कित्येक वर्षं कौलांवर उठत राहिला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिशांनी मिशनचे उद्योग ताब्यात घेतले. म्हणजे आमची कौलं साधारण त्याच्या आधीची, इतकंच. तीही आमच्यासाठी म्हणून आणलेली, की कुणाचं मोडलेलं घर उतरवलं तिथली, हे कौल सांगत नाही.

त्यानंतर घराच्या वयाबद्दल मी गप्प झाले. घरामागच्या मांगराच्या वयाबद्दल तर कुणी कधी विचारलंच नव्हतं. दक्षिण कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते: मांगर म्हणजे नांगर, जू, गुरांचं गवत, माडाच्या झावळ्यांची चुडतं, नारळाची सोडणं असलं सगळं ठेवायची शेताकडची वास्तू. आमचा मांगर केंबळी, म्हणजे गवताने शाकारलेला. वडील होते तोवर ते दर दोन-तीन वर्षांनी त्याच्यावर गवत चढवून घ्यायचे. ते गेले आणि आम्ही वरून निळी ताडपत्री ओढून विषय संपवला.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा मी गावातच होते. वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत आमची वाडी आहे. दिवसभर माड नुसते जमिनीला टेकायचे बाकी होते. पलीकडच्या शेडचे पत्रे उडून आमच्या खाचरात येऊन रुतले. घराची सव्वाशे कौलं फुटली. आणि परसातल्या फणसाची मोठी फांदी मांगरावर बसली. ताडपत्री, कुजकं गवत आणि मोडके वासे असा सगळा लगदा आत कोसळला.

वीज आली नव्हती, फोन लागत नव्हता, दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. म्हणून वाडीतल्या दोघांना घेऊन लगदा उपसायला लागले. कोपऱ्यातला ढीग निघाला तशी मागे भिंत दिसली आणि भिंतीत एक देवळी. तेलाचे ओघळ आणि काजळी धरलेली, वरच्या बाजूला कमान केलेली. तिच्या डाव्या अंगाला मातीचा बसका ओटा, मधोमध काळा पडलेला. मागच्या भिंतीच्या बुडाशी दगडात कोरलेली मोरी. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. गुरांच्या गवताला देवळी कशाला लागते?

वाडीतले आबा ऐंशीच्या पुढचे. हयातभर शाकारणी केलेला माणूस. मी त्यांना हात धरून आणलं. ते उंबऱ्याशी थांबले, चप्पल काढली आणि मगच आत आले. माझ्या आयुष्यात मांगरात शिरताना कुणी चप्पल काढलेली मी पाहिली नव्हती.

"ह्यो मांगर न्हय गो बाय," ते म्हणाले, "ह्या तुमचा जुना घर. तुझो पणजो हयच जल्मलो. कौलारू घर मगे झाला."

म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या घराचं वय सांगत होते, आणि तेही चुकीचं. मुंबईहून पैसा यायला लागला तसं पुढे, रस्त्याच्या बाजूला, कौलारू घर उभं राहिलं. कौलं फत्तेमारीतून वेंगुर्ला बंदरात उतरली आणि तिथून बैलगाडीने आली, एवढं आजीच्या तोंडून ऐकलं होतं. मात्र मागे जे उरलं त्याचं काय झालं, हे तिने कधी सांगितलं नाही. माणसं पुढे गेली आणि जुन्या घरात गुरांचं गवत शिरलं.

त्या पावसाळ्यात नवी ताडपत्री घालून मी ते घर नुसतं मोजलं. मोजपट्टी, विजेरी आणि दोनशे पानी वही. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे नकाशे कसे काढतात ते ठाऊक नव्हतं. पण घर मोजायला लागलं की ते बोलायला लागतं. घर तीन खणी आहे, प्रत्येक खण आठ फुटांचा. लांबी चोवीस, रुंदी पंधरा. पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे रांधायची जागा आणि तिच्याच कोपऱ्यात न्हाणी. दार इतकं ठेंगणं की माझ्यासारख्या पाच फुटी बाईलाही मान लववावी लागते. जोतं दोन फूट उंच, जांभ्याच्या चिऱ्यांचं. त्यावर मातीच्या भिंती, बुडाला दीड फूट जाड, वर जाता जाता चार बोटं कमी. विजेरी तिरकी धरली की भिंतीत आडव्या रेषा दिसतात. ते मातीचे थर. एक थर चढवायचा, तो वाळू द्यायचा, मग वर दुसरा. पाच थर म्हणजे पाच वेळा थांबणं.

जोत्याचे चिरे बघायचा मला पुढे नादच लागला. आता चिरेखाणीत यंत्राने कापलेला चिरा येतो, त्याच्या अंगावर पात्याच्या गोल रेघा असतात. आमच्या जोत्यावर तिरक्या, तुटक खुणा आहेत, हाताने तासलेल्या. जांभा जमिनीतून ताजा काढला की मऊ असतो, अवजाराने सहज तासला जातो आणि हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं. केरळात अंगाडिपुरमला लोक तो विटांसारखा कापून घरं बांधताना त्याने पाहिले आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव पाडलं. आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून तो चिराच आहे.

खांब किंजळीचे, वरून दुबेळक्याचे. त्यांना मेढी म्हणतात. झाडाची जिथे नैसर्गिक फांदी फुटते तिथेच तो तोडायचा, म्हणजे त्या बेचक्यात आढं नुसतं ठेवलं तरी बसतं. आढ्याला खिळा नाही, कूस नाही, फक्त वजन. आढ्यापासून दोन्ही पाख्यांवर वासे उतरतात, वाशांवर पोफळीच्या चिरफळ्यांच्या आडव्या पट्ट्या, त्यांना गवत बांधायचं.

मोबाइलवर उतार मोजायची सोय असते, ती वाशाला लावली तर चव्वेचाळीस अंश दिसले. पुढच्या कौलारू घराचे तीसच्या आसपास. हा फरक उगाच नाही. कौल पाणी अडवतं, गवत अडवत नाही. पाणी काडीवरून खालच्या काडीवर, तिथून त्याखालच्या काडीवर असं टोकाटोकाने सरकत पागोळीपर्यंत जातं. उतार उभा असला तरच ते आत मुरायच्या आधी बाहेर पडतं. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चव्वेचाळीसचे पस्तीस झाले तर गवत पंधरा दिवसांत शेणखत होईल. कोकणात एखादं जुनं कौलारू घर नको इतक्या उभ्या उताराचं दिसलं, तर ते पूर्वी केंबळी असेल का, हे विचारून बघण्यासारखं आहे.

माजघरावर माळा आहे. माणग्याच्या काठ्या एकमेकींना खेटून आणि वर चार बोटं मातीचा लेप. भाताच्या मुड्या, म्हणजे पेंढ्यात बांधलेलं भात, तिथे ठेवत, हे मला माहीत होतं. मातीचं कारण आबांनी सांगितलं. छपराला आग लागली तर जळतं गवत मातीवर पडतं, खाली माणसांवर पडत नाही. तेवढ्या वेळात पोरंबाळं आणि गुरं बाहेर निघतात. मार्च-एप्रिलमध्ये शेजारच्या चुलीतली एक ठिणगी पुरायची. केंबळी घरांबद्दल आता फार गोड गोड लिहिलं जातं, त्यात ही माती कुणी सांगत नाही.

आणि धूर. आढं, मेढी, वासे, सगळं लाकूड डांबर फासल्यासारखं काळंकुळकुळीत आहे. तो पिढ्यानपिढ्यांचा चुलीचा धूर. या धुरानेच गवत वाळतं, कीड लागत नाही, भुंगा वाशाकडे फिरकत नाही. आबांचं म्हणणं, "धुराशिवाय गवत जगणा नाय." वडील गेल्यावर छप्पर इतक्या लवकर का कुजलं, याचं निम्मं उत्तर यात होतं. आधी पेंढा भरलेला, नंतर नुसतं बंद पडलेलं घर. चूल तिथे कित्येक दशकांत पेटली नव्हती. पण मला आजीचे डोळे आठवतात. पन्नाशीतच लाल, पाणावलेले, सुई ओवायला सतत दुसऱ्या कुणाला हाक. छप्पर वाचवणारा धूर बाईच्या डोळ्यांतून जात होता, आणि घराच्या खर्चात तो कुणी धरला नाही.

वय शोधायला मी कागदांकडेही गेले. पंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढला. पुढचं घर 'कौलारू', मागचं 'गोठा, केंबळी', आणि दोन्हींना बांधकामाचं साल एकच. चौकशी केली तर अख्ख्या वाडीला तेच साल. पहिल्यांदा आकारणी झाली तेव्हा कुणीतरी एका बैठकीत लिहून टाकलं असणार. सातबाऱ्यावरचे जुने फेरफार काढले, तर त्यात आमच्या घराण्यातली भांडणं बरीच सापडली, घर काही सापडलं नाही. शेवटी आबांना सरळ विचारलं, साधारण किती वर्षं झाली असतील?

"वय कसला इचारतंस? गवत दोन वर्सांचा. वासे पंदरा वर्सांचे. ही मेढ माझ्या बापाशीन बदलली. जोता कोणाचा ता देवाक ठाऊक. हेतूरला खयचा वय सांगू?"

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. वहीत वयाच्या रकान्यात मी चार ओळी केल्या: गवत, लाकूड, माती, दगड.

पत्रा घालायचा की कौलं, यावर घरात महिनाभर फोन चालू होते. भावाचं मत पत्रा. त्याने दरपत्रकही मागवलं, अठ्ठावन्न हजार. मी गवत म्हटल्यावर पलीकडे शांतता पसरली. खरं सांगायचं तर माझ्याकडे पटण्यासारखं कारण नव्हतं. हट्ट होता, आणि आबा अजून होते.

"गवत गावतला," आबा म्हणाले, "कापतलो खय गावतलो?"

पूर्वी भाताचा पेंढाच वापरत. वालय, सोरटी असल्या जुन्या भातांचं ताट कमरेच्या वर जायचं. १९६८ मध्ये जया हे बुटकं भात आलं, मागोमाग इतर बुटकी भातं आली. दाणा वाढला आणि पेंढा गुडघ्याइतका उरला. त्यात आता मळणी यंत्राने होते आणि पेंढ्याचा चुरा हातात येतो. त्याने गुरांचं पोट भरेल, छप्पर नाही. म्हणून सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, गवत. तेही दिवाळी उलटून बी गळून गेल्यावर कापायचं. बी असलेलं गवत चढवलं तर उंदीर वरच संसार थाटतात. सड्यावरच्या आंबा-काजूच्या बागायतदारांना वणव्याच्या भीतीने गवत काढून हवंच असतं, त्यामुळे गवत फुकट मिळालं. कापणीचे आणि डोक्यावरून खाली आणण्याचे भाऱ्यामागे सत्तर रुपये. मी वहीत हिशेब करून साठ भारे सांगितले. आबांनी हिशेब न करता शंभर सांगितले. लागले सत्त्याण्णव.

वाशांना माणगा आमच्याच गडग्यावरचा. हा बांबू आतून जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात, म्हणून आमच्याकडे बांधाबांधावर लावलेला दिसतो. जानेवारीत, अंधाऱ्या पंधरवड्यात चाळीस काठ्या तोडल्या. अमावास्येच्या सुमारास तोडलेल्याला भुंगा लागत नाही म्हणतात. चंद्राचं मला माहीत नाही, पण पुढची कृती मात्र बिनतोड आहे. काठ्या व्हाळाच्या कोंडीत दगड ठेवून बुडवल्या आणि तीन आठवडे विसरल्या. बांबूत भुंग्याला हवा असतो तो पिष्टाचा, गोडाचा अंश. तो पाण्यात निघून जातो. निघून जाताना काय वास येतो, ते मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. व्हाळावर कपडे धुणाऱ्या बायांनी तीन आठवडे माझ्याशी अबोला धरला.

सुकल्यावर काठ्यांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचं. वेंगुर्ल्याकडे काजूचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे तेल सहज मिळालं. हे तेल वाळवीला मारतं, आणि माणसालाही सोडत नाही. आधी हाताला खोबरेल चोळ, असं आबांनी दोनदा सांगितलं होतं. मी रबरी मोजे घातले आणि घाम पुसायला मनगटाने कपाळ पुसलं. दुसऱ्या दिवशी कपाळावर बिब्बा उतल्यासारखे फोड. ती खूण अजून आहे.

भिंतीचं प्रकरण माझ्या गैरहजेरीत बिघडलं. फांदीने ईशान्येचा कोपरा पाडला होता. मी आठ दिवस मुंबईला गेले, तेवढ्यात गवंड्याने तिथे चिरे लावून वर सिमेंटचा गिलावा फासून टाकला. मन लावून, अगदी गुळगुळीत. महिन्याभरात सिमेंट पापुद्र्यासारखं सुटलं आणि मागची माती ओली निघाली. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बुजली, तशी ओल आतच साठून राहिली. मी सगळं फोडायला लावलं. गवंडी रागावला आणि त्याचंही बरोबर होतं, त्याने कामात चोरी केली नव्हती.

दुरुस्तीला नवी माती आणायची नाही, हे मला नवीन होतं. पडलेल्या भिंतीचीच माती फोडून, खड्ड्यात भिजवून, पायाने मळून पुन्हा वर चढवायची. चार दिवस आम्ही तिघी बाया चिखल तुडवत होतो. जुन्या मातीत भाताचं तूस निघालं, पेंढ्याच्या लांब काड्या निघाल्या आणि हिरव्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा. म्हणजे तेव्हाही चिखल बायांनीच तुडवला होता. तुकडा धुऊन ठेवायचा मोह झाला. मग परत चिखलातच टाकला.

मेच्या पहिल्या आठवड्यात शाकारणी सुरू झाली. चढायला सत्तरीला टेकलेले एक काका आणि बांबूकामातला एक तरुण मुलगा. आबा खळ्यात खुर्ची टाकून, हातात काठी. "माका वर चढूक जमाचा नाय. मी हयसून सांगतंय." आणि त्यांनी नऊ दिवस सांगितलं.

सुरुवात वळचणीपासून. गवताच्या पेंढ्या खालच्या पट्टीवर लावायच्या, बुडखे खाली, शेंडे वर. वरून चिवारीची काठी आडवी दाबायची आणि काठी, गवत, पट्टी असं तिन्ही एकत्र शिवायचं. दुसरी ओळ पहिलीच्या अर्ध्यापेक्षा जास्त भाग झाकून. वरचा माणूस बांबूचं हातभर लांब दाभण आरपार खुपसतो, आतला माणूस सुंभ पट्टीखालून फिरवून दाभण परत वर ढकलतो. आतला माणूस मिळाला नाही, म्हणून आतला माणूस मी. माळ्यावर उभं राहून, डोक्याला पंचा गुंडाळून, डोळ्यांत गवताची कुसळं झेलत वरून हाक येण्याची वाट बघायची. "घे!" म्हटलं की काळोखातून दाभणाचं टोक कुठूनही बाहेर येतं. पहिल्या दिवशी ते दोनदा माझ्या खांद्यात घुसलं. तिसऱ्या दिवशी गवताच्या सळसळीवरूनच ते कुठे येणार हे कळायला लागलं. त्याचा मला बँकेतल्या बढतीपेक्षा जास्त आनंद झाला, हे लिहून टाकते.

बांधायला पूर्वी केवणीच्या झुडपाच्या सालीचा वाक, म्हणजे धागा, असे. तो आता काढतो कोण? तरुणाने नायलॉनची दोरी आणली होती. आबांनी काठीनेच ती बाजूला सारली. "नायलॉन गवताक कापता. आणि गाठ सरकता." काथ्याचं सुंभ भिजलं तरी टिकतं आणि गवताला धरून बसतं. कुडाळच्या बाजारातून तेच आणलं.

आढ्यापाशी पोचल्यावर आबा खुर्चीतून उठले. दोन्ही पाखी जिथे भेटतात तिथे गवताचा जाड थर अर्धा इकडे, अर्धा तिकडे मोडून बसवतात, दोन्हीकडून काठ्यांनी आवळतात आणि वर विणलेली चुडतं घालतात. इथे चूक झाली तर बाकी नऊ दिवस वाया. काकांनी आवळलेली गाठ आबांना खालून पटली नाही. तीनदा सोडायला लावली. तिसऱ्या वेळी काका वरूनच ओरडले, "मग तूच ये वर!" दोघांचं अर्धा दिवस बोलणं बंद होतं. शेवटी वळचण कोयत्याने सारखी कापली. गवताची जाडी नऊ इंच, आणि भिंतीपासून पागोळी अडीच फूट बाहेर. मातीच्या भिंतीला खरी छत्री तीच.

मग जमीन. वारुळाची माती घालून, पाणी मारून चोपण्याने चोपली आणि शेणाने सारवली. लहानपणी आम्ही विजेरीच्या संपलेल्या सेलमधली काळी पूड शेणात कालवायचो, जमिनीला आरशासारखी काळी चकाकी यायची. आता माहीत आहे ती पूड हाताला बरी नव्हे. या वेळी कोळसा वापरला. चकाकी आली नाही.

खर्चाचं विचारणारे फार, म्हणून सांगते. गवत सहा हजार सातशे नव्वद, दोघांची नऊ दिवसांची मजुरी बारा हजार सहाशे, सुंभ आणि किरकोळ तीन हजारांच्या आत. साधारण बावीस हजार, भिंतीचं वेगळं. पत्र्यापेक्षा स्वस्त दिसतं. पण गवत तीन वर्षांनी पुन्हा चढवायचं, म्हणजे पंधरा वर्षांत पाच वेळा, एक लाख दहा हजार. पत्रा तेवढी वर्षं सहज टिकेल. हिशेबात भाऊ जिंकला आणि मी ते त्याला कळवलं. पूर्वी हा हिशेब जमायचा, कारण मजुरी रोख नव्हती. आज तुमचं छप्पर, परवा आमचं. वाडीत केंबळी घर एकच उरलं की फेड करायला समोर घरच नसतं.

पहिला पाऊस ५ जूनच्या रात्री आला. मी विजेरी घेऊन आत बसले. पाख्यांवर पावसाचा आवाजच येत नाही, कौलांखाली झोपलेल्याला हे चमत्कारिक वाटतं. बाहेर धो धो आणि आत कुणीतरी कानात बोलावं तसं काहीतरी. दोन वाजता माजघरात माळ्यावरून टप टप सुरू झालं. आढ्याजवळ, आबांनी तीनदा सोडायला लावलेल्या गाठीपासून हातभर अंतरावर. सकाळी काका वर चढले, दोन पेंढ्या कोंबल्या आणि खाली उतरून आबांकडे बघितलंही नाही.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी तिथे चूल पेटवते. स्वयंपाकाला नाही, नुसता धूर करायला. ओलसर सोडणं घातली की दाट धूर होतो, मी बाहेर पडवीत येऊन बसते. माझ्या डोळ्यांवर मी आजीसारखा खर्च करणार नाही.

जूनच्या अखेरीस एक दिवस उघडीप होती. मी नुकतीच चूल पेटवून आत काहीतरी शोधत होते. धूर वर जमला आणि गवतातून झिरपत सबंध छपरातून बाहेर यायला लागला. बाहेरून ते कसं दिसतं याची मला कल्पना नव्हती. शेजारचा बारा वर्षांचा मुलगा रस्त्यावरून ओरडत सुटला, "आते! मांगर पेटलो!" मी दाराशी पोचेपर्यंत त्याने विहिरीवरची भरलेली कळशी उचलून वळचणीवर फेकली होती. पाणी गवतावरून घरंगळलं आणि माझ्यासमोर पागोळ्यांची एक ओळ लागून संपली. मी पडवीत उभी होते, अंगावर थेंबही नाही.

मुलगा रिकामी कळशी घेऊन बघत राहिला. खळ्यातून आबांचा आवाज आला, "आणखी एक मार रे, थयसर, कोपऱ्यार."